आधी सत्कार, मंग हॉकी

कोंढा, ता. पवनी
१२ नोव्हेंबर २०२४

इवाई पुंडलिकराव यांस,
सप्रेम जय भीम.

फोन बंद झाला म्हणून कागद घेतला. दिवाळीत आपल्या दोघाचं फोनवर जे काही झालं, ते तुमच्या घरी चंदानं ऐकलं अन् आमच्या घरी धुरपतानं. चंदा माझी पोरगी असली तरी आता तुमची सून आहे. तिनं तुमच्या फोनातून माझा नंबर उडवला. तिच्या मायनं माझ्या फोनातून तुमचा उडवला. "दोघं इवाई आहा का दुश्मन? भांडाचंच असंल तं पत्र लिहा. हात दुखला का राग उतरते," असं धुरपताचं म्हणणं. माझा हात काही दुखून नाही राहिला. सारी नोकरी जवाहरनगरच्या कारखान्यात लोखंड उचलण्यात गेली, हे तं पेन आहे.

आता मुद्द्यावर येतो. परवा तुमच्या सानगडीच्या मैदानावर तुमच्या पोरींचा पवनीच्या पोरींसंग मॅच झाला. मी बसनं आलो, तुमच्या घरी चहा न घेता सरळ मैदानावर गेलो, कारण तिथं माझी नात खुशबू गोलात उभी राहते. तुमचीही नात आहे म्हणा, पण मंचावर बसलेल्या तुमच्यासारख्या हॉकी मंडळाच्या अध्यक्षाले ती दिसत नसंल.

पयले मैदानाचं सांगतो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचं नाटक तुमी मैदानावर ठेवलं. ठेवा. झाडीपट्टीत नाटक नाही ठेवाचं तं कुठं ठेवाचं? पण नाटक झाल्यावर मंडपाच्या खांबाचे गड्डे बुजवाचे असतेत, एवढं तुमच्या कार्यकारिणीत एकाही शहाण्याले सुचलं नाही. आपल्या पोट्टीनं चेंडू घेऊन अशी मस्त दौड मारली, मी उठून उभा झालो, अन् चेंडू गायब! गड्ड्यात! दोन्हीकडच्या पोरी वाकून वाकून गड्ड्यात पाहून राहिल्या. हॉकी आहे का विहिरीत पडलेली बादली काढणं आहे जी?

दुसरं तुमची जर्सी. पाठीवर नंबर असते हे लहान लेकराले माहीत आहे. तुमी पाठभर दानशूर परसरामचा फोटो छापला अन् नंबर टाकला बगलेखाली. अंपायरले एका पोरीले ताकीद द्याची होती. तो म्हणते, "ओ परसराम, इकडं या." सारी टीमच वळली.

तिसरा तुमचा कोच, तुमचा सख्खा भाचा प्रफुल्ल. पोरगा गुणाचा आहे, पण कबड्डीचा. बाहेरून बोंबलून राहिला होता, "पाय धर! पाय धर!" हॉकीत पाय धरतेत काय? एका बिचारीनं खरंच धरला.

अन् सगळ्यात मोठा दरोडा म्हणजे सत्कार. मॅच तीनचा. पोरी तीन वाजता रांगेत उभ्या. मंचावर माजी हा, विद्यमान तो, भावी आणखी कोणी. एकेकाले शाल, एकेकाले गुच्छ, एकेकाचे "दोन शब्द". गुच्छ देणारे कमी पडले तं तुमी खेळणाऱ्या पोरीच कामाले लावल्या! नोव्हेंबरचा दिवस तो, सूर्य काय तुमच्या मंडळाचा सभासद आहे थांबाले? दुसरा हाफ मोटारसायकलीचे लाइट लावून खेळवला. त्या उजेडात खुशबूनं कोणाचे तरी फाटके क्रिकेटचे पॅड बांधून जे चेंडू अडवले, ते पाहून पवनीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या मंचावरचे तोपर्यंत भजे खाले गेले होते.

२६ जानेवारीच्या स्पर्धेले नागपूरच्या निवासी केंद्राचे निवडणारे लोक येणार आहेत, असं चंदानं सांगतलं. खुशबूचं वय त्यात बसते ते ह्याच वर्षी. पुढच्या वर्षी नाही. पोरीचं नशीब तुमच्या मंडळाच्या हातात आहे, हे आठवलं का मले रात्रीचं जेवण जात नाही.

तुमचा इवाई,
तुलाराम


नवजागृती हॉकी क्रीडा मंडळ, सानगडी
अध्यक्ष: पुंडलिकराव, सेवानिवृत्त विस्तार अधिकारी
दि. २० नोव्हेंबर २०२४

प्रिय तुलारामजी यांना,
सप्रेम जय भीम.

आपले पत्र मिळाले. आपल्या भावना मंडळाच्या बैठकीत वाचून दाखविण्याचा विचार होता, परंतु त्यातील भाषा पाहता तो रहित केला.

मुद्दा असा की नाटकाच्या तिकीटविक्रीवर मंडळ चालते. स्टिका नाटकातून आल्या. जर्सी परसरामजींनी दिल्या. देणाऱ्याने आपला फोटो टाका म्हटल्यावर "पाठ मोकळी नाही" असे मी सांगायचे काय? सत्काराविषयी आपण तुच्छतेने लिहिले आहे. शाल पांघरल्याशिवाय आजकाल कोणाचा हात खिशात जात नाही, हे कारखान्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेल्या माणसाला कळणार नाही. खुशबूच्या डोक्यावरचे हेल्मेट अशाच एका शालीतून आलेले आहे.

प्रफुल्ल विनामोबदला शिकवतो. हॉकीचा कोच आपल्या ओळखीत असल्यास पाठवावा, आणि तोही विनामोबदला यावा.

एक सांगतो, राग मानू नये. उंटावरून शेळ्या हाकणे सोपे असते. आपण कडुनिंबाखाली तंबाखूचा खर्रा घोटत बसता आणि मॅचभर मंडळाला शिव्या घालता. त्या शिव्या लाऊडस्पीकरशिवाय मंचापर्यंत येतात. बाहेरगावचे पाहुणे मला विचारतात, "हे गृहस्थ कोण?" मी "इवाई आहेत" असे सांगतो तेव्हा माझी काय अवस्था होते याची आपल्याला कल्पना नाही.

गड्डे बुजविण्याचा ठराव मंजूर झाला आहे. ८ डिसेंबरला लाखनीला मॅच आहे. संघनिवड माझ्याकडे आहे आणि ती निःपक्षपाती होईल.

आपला,
पुंडलिकराव


कोंढा
८ डिसेंबर २०२४

इवाई,
जय भीम.

आताच लाखनीहून आलो अन् हातपाय न धुता लिहाले बसलो. धुरपता म्हणते, आधी जेवा. म्हटलं, पोट भरलं आहे, सात गोल खाऊन आलो.

खुशबू गोलात नव्हती! माझी नात, जिल्ह्यात जिच्यासारखी गोलकीपर नाही, ती बाकड्यावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळून राहिली होती. अन् गोलात कोण? परसरामची पोरगी! पाठीवर बापाचा फोटो, समोर स्वतः. त्या पोरीचा राग नाही करत मी. तिनं मॅचच्या आधी मले विचारलं, "काका, चेंडू पायानं अडवला तं चालते का?" सांगा आता! गोलकीपर प्रेक्षकाले नियम विचारून राहिली. तिसरा गोल झाला तेव्हा ती आपल्या मायले हात हलवून दाखवत होती. चौथ्याले रडली. पुढचे गोल तिनं डोळे मिटूनच घेतले.

निःपक्षपाती! तुमचा शब्द आहे हा, पत्रात आहे. मी काही शिकला सवरला विस्तार अधिकारी नाही, पण एवढं समजते. परसरामनं जर्सी दिली, तुमी गोल दिला. असा सौदा गुजरीत वांगे विकणाराही करत नाही, तो निदान वांगं किडकं नाही हे तं पाहून देते.

आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, तसं चालू आहे तुमचं मंडळ. तुमाले हॉकी समजत नाही, कोचले समजत नाही, देणाऱ्याले समजत नाही. ज्या एका पोरीले समजते तिले तुमी बाटल्या देल्या.

मॅच झाल्यावर मी तिच्याजवळ गेलो. मी तुमाले दोन शिव्या घातल्या, तिच्यासमोरच घातल्या, तिले बरं वाटंल म्हणून. तं ती उठून गाडीत जाऊन बसली. पोरगी किती दुखावली आहे पाहा!

काहून काढलं तिले? सरळ लिहा. शाल पांघरून लिहू नका.

तुलाराम


सानगडी
दि. १५ डिसेंबर २०२४

तुलारामजी,
जय भीम.

मंडळाचा कागद न वापरता हे लिहीत आहे, कारण हे मंडळाचे उत्तर नाही.

परसरामजींनी काहीही मागितलेले नाही. खुशबूचे नाव मी स्वतः काढले. सानगडीच्या चौकात पानठेल्यावर काय बोलले जाते ते आपल्याला कोंढ्यात ऐकू येत नाही. "अध्यक्षाची नात म्हणून गोलात आहे. आज्याचं मैदान, आज्याची टीम." मी उभा असताना बोलतात, गेल्यावर तर विचारूच नका. आयुष्यभर नोकरीत कोणाचे एक बोट माझ्याकडे उठू दिले नाही. नागपूरचे लोक आले आणि तिची निवड झाली तर गाव म्हणेल, आज्यानं चिकटवली. पोरीच्या नावाला तो डाग जन्मभर राहील. म्हणून एका मॅचला वगळून मी लोकांची तोंडे बंद केली. २६ जानेवारीला तिला घेतले तर आता कोणी बोलू शकणार नाही.

तिला विचारले होते काय, असे आपण विचाराल. नाही विचारले. घरातील मोठ्या माणसाने तिच्या भल्याचाच निर्णय घेतला होता.

सध्या घरात कोणी माझ्याशी नीट बोलत नाही. चंदा ताट वाढते आणि पाणी द्यायचे विसरते. दररोज विसरते. मी उठून घेतो.

आपल्याला हे कळेल अशी अपेक्षा नाही. जबाबदारी काय असते ते खुर्चीत बसल्याशिवाय समजत नाही.

पुंडलिकराव


कोंढा
२२ डिसेंबर २०२४

इवाई,
जय भीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. परसरामवर उगाच घेतलं, ते मी मागं घेतो. तुमच्यावरचं मागं घेत नाही, उलट वाढवतो.

कारण पैशासाठी पोरीले काढलं असतं तं मी म्हटलं असतं, माणूस लालची आहे, पण अक्कल तं आहे. तुमी तं पानठेल्यावरच्या चार रिकामटेकड्याले भिऊन गोल उघडा ठेवला! चोराले पाहून दरवाजा लावतेत, तुमी दरवाजाच काढून ठेवला अन् म्हणता, आता चोरी झाली म्हणून कोणी बोलणार नाही. वा रे तुमचा न्याय! अन् लोकाचे तोंड बंद झाले काय? लाखनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरचे बोलत होते, "अध्यक्षानं सोताच्या नातीलेच काढलं, म्हणजे तिच्यातच काही खोट असंल." हे कमावलं तुमी.

घरचं झालं थोडं अन् इवायानं धाडलं घोडं, अशी माझी गत आहे. भातकापणी संपली, चुरणा-मळणी व्हाची आहे, धान अंगणात पडला आहे, अन् मी तुमच्या मंडळाचा विचार करून राहिलो.

आता ऐका. २६ जानेवारीले तीन गोष्टी पाहिजेत. खुशबू गोलात. मॅच दुपारी तीनले म्हणजे तीनले. अन् सत्कार एकाचाही नाही. झेंडावंदनाचे पाहुणे सकाळी आपापल्या घरी जाऊ द्या. नागपूरचे लोक हॉकी पाहाले येऊन राहिले, तुमच्या शाली मोजाले नाही. पोरीच्या जिंदगीतला एक दिवस आहे हा, इवाई. भांडण बाजूले ठेवून हात जोडून सांगतो, एवढा एक दिवस तुमच्या मंडळानं काहीच करू नये.

तुलाराम


नवजागृती हॉकी क्रीडा मंडळ, सानगडी
दि. ५ जानेवारी २०२५

प्रिय तुलारामजी,
सप्रेम जय भीम. नूतन वर्षाच्या शुभेच्छा.

आपल्या तीनही मागण्या कार्यकारिणीने मान्य केल्या आहेत. खुशबूचे नाव यादीत पहिले आहे. पहिलाच मॅच आपला आहे. गड्डे मुरूम टाकून बुजविले, मी स्वतः उभा राहून बुजवून घेतले. नवीन जर्सी आणल्या असून पाठीवर नंबर आहे. फोटो छातीवर घेतला.

सत्कार रद्द केल्याने मात्र एक अडचण उभी राहिली. उद्घाटक कोणाला करावे? एकाला बोलावले की दुसरा रुसतो. उद्घाटकच नसेल तर स्पर्धेला सुरुवात कशी करणार? तेव्हा प्रफुल्लने सुचविले आणि सर्वांना पटले की आपणच उद्घाटक व्हावे. आपण बाहेरचे आहात, कोणत्याही पक्षाचे नाही, हॉकीचे जाणकार आहात, आणि मंडळावर टीका करणारा माणूस मंचावर बसविला तर मंडळाचेही नाव होते. शाल नाही, गुच्छ नाही. माइकवर दोन शब्द बोलावेत, चेंडूला स्टिक लावावी आणि खाली उतरावे.

पत्रिकेत आपले नाव छापले आहे. सोबत एक पाठवीत आहे. नाकारू नये.

आपला,
पुंडलिकराव


कोंढा
२८ जानेवारी २०२५

इवाई,

जय भीम घालाची इच्छा नव्हती, पण संस्कार आहेत म्हणून घालतो. जय भीम.

तुमच्या मंडळानं पुन्हा घात केला. मले माहीतच होतं. मी आलो वेळेवर, धुरपतानं पांढरा सदरा कडक इस्त्री करून देला होता. पोरी तयार, अंपायर तयार, नागपूरची मॅडम अन् तिच्यासंगचा माणूस खुर्चीवर बसलेले. सारं काही तीनले जागेवर होतं. मले वाटलं, सुधारले बावा हे लोक!

मी मंचावर चढलो ते एकच वाक्य घेऊन: "खेळाले सुरुवात करा." पण तुमी सारी कार्यकारिणी माझ्या बाजूले ओळीनं बसवून ठेवली होती. समोर दोन गावचे लोक. आता इतक्या वर्षात कोणी यांच्या तोंडावर बोललं नाही. म्हटलं, गड्ड्याचं तेवढं सांगाव. सांगतलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. मंग जर्सीचं सांगतलं, तं पोरं शिट्ट्या मारून राहिले. प्रफुल्लच्या "पाय धर"ची नक्कल केली तेव्हा परसराम सोता हसला. टाळ्या पडून राहिल्या तं माणूस थांबंल कसा? अन् मी काय सोताचं कौतुक करत होतो? सत्कारापायी खेळाचा वेळ कसा वाया जाते, हेच तं मी समजावून सांगत होतो! लाखनीच्या सात गोलाचं एकेक करून सांगतलं. ज्याचं त्याले कळाले पाहिजे का नाही?

अन् मी बोलणं आटपतच होतो, तेवढ्यात तुमी उठून माइक घेतला. कायले घेतला? "आरोपांचा खुलासा करणे अध्यक्ष म्हणून माझे कर्तव्य आहे." झालं! स्टिकांचा इतिहास, नाटकाचा इतिहास, हेल्मेट कसं आलं त्याचा इतिहास. मी मधात एवढंच म्हटलं, "खोटं बोलू नका," तं तुमी पुन्हा पयल्यापासून सुरू केलं.

तुमच्या त्या भाषणानं उजेड गेला. पयला हाफ कसातरी झाला अन् त्यात सारा खेळ तिकडच्या बाजूले. आपल्या पोरी अशा चढून खेळल्या का चेंडू आपल्या गोलाकडं फिरकलाच नाही. खुशबू एकटी इकडं उभी. दुसऱ्या हाफमध्ये अंपायरनं हात वर केले, दिसत नाही म्हणे. मॅच अर्ध्यावर सोडला. नागपूरची मॅडम गाडीत बसून गेली. काय पाह्यलं तिनं? एक पोरगी पॅड बांधून उभी आहे, एवढंच.

गेलं पोरीचं वर्ष. तुमच्या मंडळानं खाल्लं.

तुलाराम


सानगडी
१ फेब्रुवारी २०२५

तुलारामजी,

मी माइक घेतला तेव्हा सूर्य मैदानामागच्या चिंचेखाली गेला होता. त्याआधी मी आपल्याला दोनदा घड्याळ दाखविले. आपण माइकमधून म्हणालात, "पाहा, हे मले घड्याळ दाखवून राहिले. पोरींचा वेळ खाताना यांचं घड्याळ कुठं होतं?" आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या.

मी उठायला नको होते. परंतु अख्ख्या गावासमोर माझ्या घरच्या पाहुण्याने, माझ्या इवायाने, मला चोर म्हटल्यावर बसून राहणे मला जमले नाही. आपण म्हणता मंडळाने वर्ष खाल्ले. मंडळाने त्या दिवशी काहीच केले नाही, तुमीच तसं लिहिलं होतं. जे केलं ते आपण दोघांनी केलं.

अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. कोणी स्वीकारत नाही, कारण दुसरा कोणी घेत नाही.

खुशबू शाळेत जाते, येते, जेवते. विचारले तर "ठीक आहे" म्हणते.

पुंडलिकराव


सानगडी
४ फेब्रुवारी २०२५

कोंढ्याच्या आबाजीले खुशबूचा जय भीम. आजीले पण.

आबाजी, तुमाले फोन केला असता, पण फोनवर मी बोलली असती तं रडली असती, अन् मी रडली का तुमी सानगडीच्या आबाजीले शिव्या देता, मंग मले सांगाचं ते राहूनच जाते. म्हणून तुमच्यासारखंच लिहून राहिली. हेच पत्र मी सानगडीच्या आबाजीच्या टेबलावर पण ठेवलं आहे.

येत्या रविवारी पवनीले मॅच आहे. पवनीची गोलकीपर सायकलवरून पडली, तिचा हात प्लास्टरमध्ये आहे. त्यांच्या कोच मॅडमनी आईले फोन केला का खुशबू आमच्याकडून खेळते काय. नागपूरच्या मॅडम तिथं पण येणार आहेत. आई म्हणाली, जा. म्हणून मी आता पवनीकडून खेळून राहिली. कोणाशी भांडून नाही.

२६ तारखेचं मले काही बोलाचं नव्हतं, पण एक सांगते. तुमी दोघं माइकवर होते तेव्हा आम्ही तीनदा वॉर्मअप केला. पॅड बांधून बांधून माझ्या पायाले मुंग्या आल्या. नागपूरच्या मॅडम फिरत फिरत माझ्याजवळ आल्या अन् त्यांनी विचारलं, "हे माइकवर भांडून राहिलेत ते कोण आहेत?" आबाजी, मी म्हटलं, माहीत नाही. म्हटलं, असतील कोणी गावचे.

मले त्याचं खूप वाईट वाटलं. तुमचं नाही वाटलं, मी असं बोलली याचं वाटलं. त्या दिवसापासून मी नीट झोपली नाही.

मले माहीत आहे का तुमी माझ्यासाठीच भांडता. सानगडीचे आबाजी पण म्हणतेत का त्यांनी माझ्यासाठीच मले टीममधून काढलं होतं. तुमाले दोघाले माझी लय काळजी आहे. पण मी गोलात उभी राहते तेव्हा समोरून चेंडू येते अन् बाजूनं तुमचा आवाज येते, "पाहा यांचे धंदे! पाहा यांची अक्कल!" मले चेंडूकडं पाहाचं असते, आबाजी.

म्हणून रविवारी तुमी येऊ नका. सानगडीच्या आबाजीले पण नका म्हटलं आहे. राग नका करू. पुढं कधी बोलावीन.

आजीले पाठवलं तं चालंल.

तुमची,
खुशबू


कोंढा
१० फेब्रुवारी २०२५

इवाई पुंडलिकराव यांस,
सप्रेम जय भीम.

तुमीही गेले नाही म्हणून चंदानं सांगतलं. मले वाटलं होतं तुमी जासाल, अन् मंग मी तुमाले आयुष्यभर सुनावीन. तेवढीही सोय ठेवली नाही तुमी.

मी काल सकाळीच आंघोळ करून, सदरा घालून बसलो होतो. जायाचं नाही हे माहीत होतं, तरी सदरा घातला. पवनी काय दूर आहे जी? धुरपता बसमध्ये बसली अन् मी फाट्यावरून पलटून आलो. दिवसभर अंगणात चकरा मारल्या. तीन वाजता वाटलं सुरू झाला असंल. पाच वाजता वाटलं संपला असंल. शिव्या द्याले कोणी समोर नव्हतं. कोंबड्या होत्या, त्यांले दिल्या.

संध्याकाळी धुरपता आली. इकडं चप्पल काढली अन् म्हणते, "झालं पोरीचं. जूनमध्ये नागपूरले जाईल. त्या मॅडमनं चंदाले सोता सांगतलं." तुमालेही कळलंच असंल, तुमच्याच घरात आहे पोरगी. मी खाटेवर बसलो. इवाई, मले रडू आलं, खोटं कायले सांगू.

मंग मी विचारलं, किती चेंडू अडवले? उजवीकडचे का डावीकडचे? पुढं धावून आली का लायनीवरच राहिली? पॅड कोणी दिले? पवनीच्या मॅनेजमेंटनं काही घोटाळा केला काय? धुरपता म्हणते, "मले काय माहीत! मी काय चेंडू पाहाले गेली होती? मी पोरीले पाहून राहिली होती."

म्हटलं, बाई, सत्तर वर्षाची झाली, मॅच पाहाले गेली अन् मॅच नाही पाह्यला. तं ती लुगड्याचा पदर सारखा करत म्हणते, "तुमी सारे मॅच पाह्यले ना? मंग सांगा, चेंडू दूर असला का ती गोलात उभ्या उभ्या काय करते?"

मी म्हटलं, उभी राहते, अजून काय करणार?

"गाणं म्हणते. ओठ हलत होते तिचे. नंतर मी विचारलं तं हसली, म्हणाली, आजी, मी नेहमीच म्हणते."

रात्रभर तेच डोक्यात आहे. गड्डे किती होते ते मले माहीत आहे. जर्सीवरचा फोटो, तुमची शाल, प्रफुल्लची बोंब, सारं पाठ आहे. पोरगी गाणं म्हणते हे माहीत नाही. ती तुमच्या घरात राहते, तुमच्या मैदानावर खेळते. तुमाले तरी माहीत होतं काय? कोणतं गाणं म्हणते? तिले विचारू नका, ओशाळंल ती. चंदाले विचारून कळवा.

अन् मंडळाकडून पोरीचा सत्कार ठेवाल तं याद राखा.

तुमचा इवाई,
तुलाराम